मीटरवर पंच्याऐंशी, बाबांच्या मोबाइलवर चलान

वकीलकाका, नमस्कार.

मी आर्णी तालुक्यातला, वय २५. बियाणं-औषधाच्या कंपनीत फील्डवर आहे. दिवसाला सात-आठ गावं आणि तीन-चार कृषी केंद्रं करावी लागतात, म्हणजे रोजची धाव सव्वाशे-दीडशे किलोमीटर. गाडी १२५ सीसी, बाबांच्या नावावर. आरसीला मोबाइल नंबरही बाबांचाच. दीड महिन्यात त्यांच्या मोबाइलवर तीन चलानं आली. पहिलं यवतमाळ रोडला चौपदरीवर, वेग ९४ दाखवला. माझ्या मते मीटरचा काटा ८५ च्या वर नव्हता. दुसरं दिग्रस रोडला, वेग ७८. भर दुपारची वेळ, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, पोलिसांची वेग टिपणारी इंटरसेप्टर गाडी झाडाखाली उभी. समोरून येणाऱ्यानं डिप्पर मारला होता, पण मला वाटलं ओळखीचा असेल म्हणून मी हात केला. तिसरं चलान नागपूरचं, सिग्नल तोडल्याचं. मी त्या दिवशी दिग्रसला होतो आणि फोटोत पांढरी स्कूटर आहे! परवा चौथं आलं ते वॉट्सअ‍ॅपवर. त्यात 'आरटीओ चलान' नावाची फाइल आहे. बाबा म्हणतात, उघडून पाह्य.

कारवाले शंभरनं जातात, समृद्धीवर तर १२० चालते, मग मोटारसायकलवाल्यालाच का? एक मित्र म्हणतो नंबर प्लेट थोडी वाकव, फोटोत येत नाही. दुसरा म्हणतो आरसीवरचा मोबाइल नंबर बदल, बाबांना कळणारच नाही. बाबा आठ दिवसांपासून माझ्याशी नीट बोलून नाही राहिले. चलान भरू का नको भरू, सांगा.

एक वाचक, जि. यवतमाळ

——

काका म्हटलंस म्हणून अरे-तुरेवरच येतो.

आधी चौथं. ती फाइल उघडायची नाही, बाबांनाही उघडू द्यायची नाही. हे वाचून झालं की पहिलं काम ते. फाइलच्या नावाच्या शेपटीला 'एपीके' असं असेल पाहा. ते चलान नाही, मोबाइलमध्ये घुसणारं अ‍ॅप आहे. एकदा का ते आत बसलं की तुमचे मेसेज वाचतं, ओटीपी पळवतं आणि खातं रिकामं होतं. कोणतंही वाहतूक खातं वॉट्सअ‍ॅपवर अशी फाइल पाठवत नाही. खरं चलान साध्या मेसेजनं येतं, त्यात चलान नंबर असतो आणि लिंकमधल्या साइटच्या नावाच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' असतं. तरी मी म्हणतो, मेसेजमधल्या लिंकवर बोट ठेवूच नको. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलानच्या साइटवर स्वतः जा, गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाक. तिथं जेवढी दिसतील तेवढीच तुझी चलानं, बाकी भुरटे. फाइल उघडून झालीच असेल, तर मोबाइलचं नेट बंद कर, दुसऱ्या फोनवरून सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३० ला फोन लाव आणि तसाच बँकेत जा. कापसाचे, पीक विम्याचे, सगळे पैसे त्याच एका खात्यात येत असतील ना बाबांचे? म्हणून एवढं ठासून सांगून राहिलो.

आता तिसरं, नागपूरवालं. हे भरायचं नाही. आपल्याकडे माणूस काय करतो, 'जाऊ द्या, पाचशे-हजारासाठी कोण नागपूरला चकरा मारते' म्हणून भरून मोकळा होतो. पण दंड भरला म्हणजे गुन्हा कबूल करून तडजोड केली असा त्याचा अर्थ होतो. उद्या तीच पांढरी स्कूटर तुझ्या नंबरावर कोणाला उडवून पळाली, तर मागच्या खेपेला मुकाट पैसे भरणारा तूच होतास हे कागदावर असेल.

फोटो मोठा करून नीट बघ. दोन शक्यता आहेत. कॅमेऱ्यानं आकडा चुकीचा वाचला, तीनचा आठ केला, शून्याचा सहा केला. असं असेल तर प्रकरण सोपं आहे. फोटोतल्या स्कूटरवर खरंच तुझाच नंबर असेल, तर कोणीतरी तुझा नंबर लावून फिरत आहे. आकडा चुकला असेल तर वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिकअ‍ॅपवर तक्रारीची सोय आहे, तिथं चलान नंबर टाकून आरसीचा आणि तुझ्या गाडीचा पुढून-मागून फोटो जोडायचा. नंबरच चोरला असेल तर तेवढ्यानं भागत नाही. आर्णी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्यायचा, त्याची एक प्रत यवतमाळच्या वाहतूक शाखेला, आणि दोन्हीकडे पोच घ्यायची. शिक्का आणि तारीख असलेली पोच घेतल्याशिवाय पायरी उतरायची नाही. माझ्या टेबलावर येणारी अर्धी प्रकरणं 'साहेबांना सांगितलं होतं जी' या वाक्यावर उभी असतात आणि तिथंच बसतात.

पुरावा तुझ्याकडे आहे, तुला दिसला नाही एवढंच. तुम्ही फील्डवाले पोरं दुकानात गेलात की कंपनीच्या अ‍ॅपवर फोटो टाकता, त्यावर वेळ आणि ठिकाण छापलेलं असतं. एरवी त्या अ‍ॅपला तुम्ही सारे शिव्या देता. त्या दिवशी त्या वेळेला तू दिग्रसच्या कृषी केंद्रात होतास, हे तोच फोटो सांगेल. सोबत पेट्रोल पंपाची पावती असली तर दुधात साखर.

उरली पहिली दोन. ती तुझी आहेत, भरून टाक.

थोडं वाईट वाटेल, पण तुझ्या पत्रातच उत्तर आहे. तू लिहितोस, काटा ८५ च्या वर नव्हता. अरे, तो तुझ्या बाजूचा पुरावा नाही, कबुलीजबाब आहे. गाडीचं मीटर सहसा खऱ्या वेगापेक्षा थोडं जास्तच दाखवतं, कमी नाही. कंपन्या ते तसंच ठेवतात. म्हणजे पोलिसांच्या वेग मोजणाऱ्या गनवर ९४ आला असेल तेव्हा तुझा काटा शंभरीला टेकलेला असणार. तू ८५ वर पाहिलास तो वेग त्याच्या आधीचा किंवा नंतरचा. आणि तुझं ८५ जरी खरं धरलं तरी तू हद्दीबाहेरच होतास, कारण मोटारसायकलला चौपदरीवर मर्यादा ८० ची आहे.

हे ८० कुठून आलं ते सांगतो, कारण तुझा 'आम्हालाच का' हा प्रश्न रास्त आहे आणि गावातल्या दहापैकी नऊ जणांना याचं उत्तर माहीत नाही. केंद्र सरकारनं एप्रिल २०१८ मध्ये वाहनाच्या प्रकाराप्रमाणे कमाल वेग ठरवून दिले. दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर कारला १००, मोटारसायकलला ८०. नगरपालिकेच्या हद्दीत आणि बाकीच्या साध्या रस्त्यांवर कारला ७०, मोटारसायकलला ६०. एकाच रस्त्यावर, एकाच वेळी, तुझ्या बाजूनं ९५ नं गेलेली कार कायद्यात बसते आणि तू ८५ ला बसत नाहीस. राज्य सरकार यापेक्षा कमी ठरवू शकतं, म्हणून बोर्डावर ५० किंवा ४० लिहिलं असेल तर तोच आकडा खरा. समृद्धीचं म्हणशील तर ते १२० कारचं आहे. मोटारसायकलला तिथं १२० काय, वीसनं जायलाही परवानगी नाही. दुचाकी त्या रस्त्यावर चढूच शकत नाही.

म्हणून कारच्या मागं कार समजून चालायचं नाही. यवतमाळ रोडला पोरं हेच करतात. पुढं एखादी पांढरी एसयूव्ही धरायची आणि तिच्या सावलीत ओढत न्यायची. गन असते तेव्हा ती सुटते, तुम्ही सापडता.

दंडाचं म्हणशील तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ मध्ये हलक्या वाहनाला १००० ते २००० रुपये आहेत. अ‍ॅपवर भरता येतो, रस्त्यावरच्या पोलिसाच्या मशीनवरही भरता येतो. लोक अदालतीत अर्ध्यावर मिटते म्हणून पोरं चलानं साठवत बसतात. ती सूट मिळेलच असं धरून चालू नको. तिथंही नोटीस येते ती गाडीमालकाच्या नावानं, म्हणजे बाबांच्या. शिवाय पैशापेक्षा मोठी गोष्ट लायसन्सची आहे. वेगाच्या गुन्ह्यात लायसन्स तीन महिने निलंबित होऊ शकतं. तुझी नोकरीच गाडीवर, तीन महिने तू काय एसटीनं गावं करशील?

माझ्याकडे येणारा दुसरा वर्ग असतो तो म्हणतो, 'मशीनच खोटं आहे.' त्यालाही कायद्यात जागा आहे. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७ अ आला. त्यात म्हटलं आहे की वेग मोजणाऱ्या यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं आणि ते दरवर्षी नवं करून घ्यायला हवं. पुराव्यात नंबर दिसणारा फोटो, मोजलेला वेग, ठिकाण, तारीख, वेळ हवी. आणि कॅमेऱ्याच्या टप्प्याआधी ठळक फलक हवा. हे तू मागू शकतोस. पुढच्या खेपेला यमराज म्हणून कोणी आलं तरी कागद मागावा, मी त्याच मताचा आहे. फलकाचं तर मी स्वतः पाहिलं आहे. आपल्याकडे वेगमर्यादेच्या बोर्डावर कोणत्या तरी भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स बांधलेला असतो, आकडा भाऊंच्या गॉगलच्या मागं. असा बोर्ड दिसला तर फोटो काढ, तारखेसकट तक्रारीला जोड. पण जो माणूस स्वतःच ८५ सांगतो, त्यानं ९४ वर भांडू नये. मी तुझा वकील असतो तरी भांडलो नसतो.

आता दिग्रस रोड. त्याच्यावर जरा थांबतो, कारण तुझ्या पत्रातलं 'चिटपाखरू नव्हतं' हे वाक्य मला खटकलं.

हिशेब करू. ताशी ६० म्हणजे सेकंदाला साधारण १७ मीटर. समोर काही आलं तर डोळ्यानं पाहून हातानं ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातो. मग कोरड्या डांबरावर, दोन्ही ब्रेक नीट लागले तर आणखी तेवीसेक मीटर. म्हणजे ४० मीटरवर गाडी उभी. तुझे ७८ म्हणजे ऐंशीच धरू. सेकंदाला २२ मीटर, आणि उभी राहायला ६३ मीटर. यात तुला वाटेल, तेवीस मीटरचाच फरक. तसं नाही. साठवाला ज्या जागी थांबून पाय टेकवतो, त्या जागेवरून ऐंशीवाला अजून साठच्या वेगानं जात असतो. साठनं. ब्रेक पूर्ण दाबलेला असताना. तिथं रोही, म्हणजे नीलगाय, उभा असेल तर एकाची छाती धडधडते, दुसऱ्याला उचलून न्यावं लागतं.

आणि तो रोही चिटपाखरात मोडत नाही. तो कपाशीतून धुऱ्यावर येतो तोवर दिसतच नाही. एक गेला की आपण सुटलो म्हणून पीळ देतो आणि त्याच्या मागून दुसरा येतो. रानडुकराचंही तेच. हे तुला मी सांगायला नको, तुझ्याच वावरातून फिरतात ते.

माझ्या डाव्या खांद्यात धातूची पट्टी आहे, हिवाळ्यात दुखते. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर एका केसच्या पाहणीहून परत येत होतो. ऊन कलतं झालं होतं, सरळ डोळ्यात. गावाजवळ अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलं होतं आणि कडेनं गोटे मांडले होते. गोटे मला दिसले, मी बाजूला घेतली. पण समोरून ट्रॅक्टर आला, म्हणून परत आत घेतली, आणि पुढचं चाक दाण्यांवर गेलं. सोयाबीनवर गाडी गेली की ब्रेक, हँडल, अक्कल, काहीच चालत नाही. काचेच्या गोट्यांवर निजावी तशी गाडी निजते. माझा वेग पन्नासच्या आत होता हे मी शपथेवर सांगू शकतो, आणि तरी हाड मोडलं. ज्याचं सोयाबीन होतं त्यानंच मला त्याच्या बैलबंडीत टाकून दवाखान्यात नेलं. रस्त्यावर वाळवण घालणं चूकच आहे, पण खळं राहिलं नाही तर तो बिचारा तरी कुठं टाकणार, यावर आम्ही दोघं दवाखान्याच्या बाकड्यावर बसून बोललो. मी केस टाकली नाही. वकिलानं केस टाकली नाही म्हणून गावात चर्चा झाली ते वेगळं.

आता तुझी घाई. तू स्वतः गाडी हाणणारा पोट्टा वाटत नाहीस. घाई तुझ्या दिवसाची आहे. सकाळी साहेबाचा फोन, अकराच्या आत पहिला फोटो, सात गावं, मधे एखादा दुकानदार तासभर उधारीचं रडगाणं गातो, आणि मग तो तास तू रस्त्यावर वसूल करतोस. एक काम कर. एक दिवस तुझ्या नेहमीच्या चालीनं फीर आणि घरी पोचायची वेळ डायरीत लिही. दुसऱ्या दिवशी तीच गावं साठच्या आत कर. कागदावर चाळीस किलोमीटरला साठनं ४० मिनिटं लागतात आणि ऐंशीनं ३०. पण मधे गतिरोधक, गुरं, शाळा सुटलेली, फाट्यावरचा बाजार, त्यात त्या दहातली किती हाती येतात ते तूच मोज. मग ती डायरी घेऊन साहेबाकडे जा आणि म्हण, दिग्रसकडची गावं एका दिवशी आणि यवतमाळकडची दुसऱ्या दिवशी द्या, एका दिवसात दोन टोकं नको. बहुतेक साहेब नकाशा न पाहता यादी करतात. दाखवलं की ऐकतात, कारण पेट्रोल त्यांचंही वाचतं. आणि गाडीवर असताना त्याचा फोन उचलू नको. थांबून करतो म्हण.

प्लेट वाकवणाऱ्या मित्राला माझा नमस्कार सांग. वाकलेली किंवा चिखल फासलेली प्लेट हा वेगळा गुन्हा आहे, आणि पोलिसाला लांबून तीच आधी दिसते. शिवाय आत्ता तुझ्या नंबराची दुसरी गाडी फिरत असल्याचा संशय आहे. अशा वेळी तुझी प्लेट आरशासारखी स्वच्छ पाहिजे. गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल आणि उच्च सुरक्षा प्लेट अजून लावली नसेल तर ती लाव. तिच्यामुळे उद्या 'खरी गाडी माझी' म्हणणं सोपं जाईल. तीही परिवहन खात्यानं नेमलेल्या केंद्रातूनच, चौकातल्या रेडियमवाल्याकडून नाही.

राहिला मोबाइल नंबर. बदल, हरकत नाही, परिवहनच्या साइटवर होतो. गाडी तू चालवतोस तर मेसेज तुझ्याकडे यावा हे बरोबरच आहे. पण चोरून नको. गाडी बाबांच्या नावावर आहे तोवर कायदा त्यांनाच विचारणार. कलम १३३ प्रमाणे त्या वेळी गाडी कोण चालवत होतं हे मालकानं सांगायचं असतं. नंबर गुपचूप बदललास आणि उद्या कागद पोस्टानं घरी आला, तर बाबांच्या हातात तो कोऱ्या मनानं पडेल. ते जास्त वाईट. गाडी नावावर करून घ्यायची असेल तर आधी बाकी असलेली चलानं मिटवावी लागतील, तिथं काम अडतं.

आणि ते बोलून नाही राहिले, त्याबद्दल. मी बाबांना ओळखत नाही, पण त्यांच्या वयाचे पक्षकार रोज पाहतो. आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या मोबाइलवर सरकारी मेसेज आला, त्यात रकमेचा आकडा आणि 'न्यायालय' हा शब्द असला, की त्याला आधी बँक आठवते. कर्जाची नोटीस, जप्ती, कोतवालानं दारावर चिकटवलेला कागद. तुला ते तीन मेसेज हजार-दोन हजाराचे वाटतात, त्यांना ते किती रुपयांचे वाटले असतील हे विचारलंस का? माझ्या अनुभवात असा माणूस रागावला की ओरडतो, भ्याला की गप्प होतो.

म्हणून भरणा एकट्यानं मोबाइलवर उरकू नको. संध्याकाळी त्यांच्या बाजूला बस, साइट त्यांच्यासमोर उघड, दोन फोटो दाखव आणि म्हण, हे मी आहो, माझी चूक आहे, माझ्या पगारातून भरतो. मग तिसरा दाखव, स्कूटरवाला. तो पाहून ते काहीतरी बोलतीलच. न बोलून जातील कुठं! पावती त्यांच्या हातात दे, छापून. मोबाइलमधली पावती त्या पिढीला पावती वाटत नाही. नागपूरच्या अर्जावर सही गाडीमालक म्हणून त्यांचीच लागेल, तेव्हा ठाण्यात दोघं मिळूनच जा.

जाता जाता डिप्परचं. समोरून दिवा मारला की पोलीस आहे, हा आपल्या भागातला जुना भाईचारा. पण दिवा मारणारा कधी रोह्यासाठी मारतो, कधी पुलावर उलटलेल्या ट्रॉलीसाठी, कधी रस्त्यात बसलेल्या म्हशींसाठी. कशासाठी ते कळत नाही, म्हणून दिसला की हात करायच्या आधी अ‍ॅक्सिलरेटर सोड.

अर्जाचा मसुदा झाला की ठाण्यात देण्याआधी मला पाठव, एकदा नजर घालतो. त्यात तुझ्या गाडीचा रंग लिही, फोटोतल्या स्कूटरचा रंग लिही, आणि त्या दिवशी दिग्रसच्या ज्या दुकानात होतास त्याचं नाव आणि वेळ. चेसिस नंबर आरसीवरून उतरव, पाठ आहे म्हणून लिहू नको.